दिव्यावरचा पतंग आणि मनातले भय



धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात माकणी हे तेरणा नदीकाठचे गाव आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण याच गावी आहे. पावसाळ्यात अशा पाण्याकाठच्या गावात दिवेलागण झाली की दिव्याभोवती पाखरांची गर्दी उसळते. भिंतीवर तपकिरी, करडे, पांढुरके पतंग येऊन बसतात. कुणी त्यांना पाखरू म्हणते, कुणी पाकोळी म्हणते. बहुतेकांना त्यांचे काही वाटत नाही. पण कित्येक घरांत एखादे माणूस असे असते की त्या फडफडीने त्याचा जीव घाबराघुबरा होतो. घरची माणसे हसतात, आणि ते माणूस लाजेने गप्प बसते.

आजचे प्रवचन त्या गप्प बसलेल्या माणसासाठी आहे, आणि त्याला हसणाऱ्यांसाठीही आहे.

माकणीतले एक घर डोळ्यांसमोर आणा. या घराने नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातली मुलगी दहावीत आहे. दिवसा शाळा आणि घरकाम, म्हणून अभ्यासाला रात्रच उरते. पण रात्री दिव्याखाली बसले की पतंग येतात आणि मुलगी वही टाकून बाहेर पळते. आधी ती फक्त पतंग दिसल्यावर पळत होती. मग दिवा लावला की दाराशी उभी राहू लागली. आता संध्याकाळ झाली की अंधारातच पडून राहते. बाप चिडतो, भाऊ चेष्टेने पतंग धरून तिच्या अंगावर टाकतो, आई झाडूने फटका मारते. तेव्हा आजी म्हणते, "मारू नका गं त्याला. पितराच्या दिवसांत आलंय, तुझा आज्जा असंल." शेजारीण पुढे सरसावते, "पोरीला काहीतरी लागलंय. उतारा टाका, देवऋषाला दाखवा."

बंधुभगिनींनो, गोष्ट एका पाखराची आहे असे वाटते. पण नीट पाहा. एका मुलीचे शिक्षण धोक्यात आले आहे, आणि ज्या घराने पितर, पिंड, उतारे सोडले त्या घराच्या उंबऱ्यावर ते सर्व पुन्हा येऊन उभे राहिले आहे. भय हे असेच दार असते. पुढच्या दाराने घालवलेल्या गोष्टी त्या दाराने परत येतात. म्हणून या भयाचा विचार थट्टेवारी न करता धम्माच्या रीतीने केला पाहिजे. धम्माची रीत कोणती? दुःख आहे हे मान्य करणे, त्याचे कारण शोधणे, कारण दूर होऊ शकते हे जाणणे आणि त्याचा मार्ग चालणे.

भय म्हणजे गुन्हा नव्हे

पहिली गोष्ट ही की, भिणाऱ्याला दोष देऊ नका. भय हे शरीराचे रक्षण करणारे आहे. या मुलखाला ते सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे उद्ध्वस्त केली, हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. त्यानंतर माणसे घरात झोपायला धजत नव्हती, उघड्यावर रात्री काढीत होती. त्यांना कुणी भित्रे म्हटले काय? त्या भयाला कारण होते. दगडमातीच्या भिंती खरोखरच जीव घेणाऱ्या होत्या.

पतंगाच्या भयाचे तसे नाही. येथे शरीर तोच घंटानाद करते, तीच छातीची धडधड, तोच घाम, तोच पळण्याचा आवेग. पण समोर भिंत कोसळत नसते. घंटा खरी असते, आग नसते. त्या मुलीला होणारा त्रास ढोंग नाही, तो पूर्ण खरा आहे. चूक आहे ती घंटेने दाखविलेल्या कारणात. मानसशास्त्रात अशा भयाला फोबिया म्हणतात. असे भय पुष्कळांना असते, आणि ते बरे होते.

ज्याचे भय वाटते त्याला आधी ओळखा

कुणी सांगते म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही खरे मानू नका, स्वतः तपासा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ही कसोटी पतंगालाही लावू या.

पतंग हा फुलपाखराचा भाऊबंद. अंडे, अळी, कोष आणि पतंग अशा चार अवस्थांतून तो जातो. त्याच्या पंखांवर अतिशय बारीक खवले असतात. हाताला लागते ती भुकटी म्हणजे हेच खवले. ती भुकटी डोळ्यांत गेली तर चुरचुरेल, पण ते विष नव्हे. आपल्या दिव्यावर येणारे पतंग चावत नाहीत, त्यांना नांगीही नसते. फुलांतला रस शोषण्यासाठी बहुतेकांना एक सोंड असते. काहींना तर प्रौढपणी खाण्याची सोयच नसते. तुतीवरच्या रेशीमकिड्याचा पतंग काहीच खात नाही, त्याला नीट उडताही येत नाही, आणि थोड्या दिवसांत तो मरून जातो. मराठवाड्यात तुती लावून रेशीम कोष काढणारे शेतकरी आहेत, जालन्याला कोषांचा बाजार भरतो. म्हणजे ज्या जातीच्या जिवाला आपण भितो, त्याच्याच कोषावर काही घरांची चूल पेटते.

काही मोठ्या पतंगांच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. ते पाहून माणूस दचकतो. पण तो डोळा आपल्याला पाहत नसतो; खायला आलेल्या पक्ष्याला दचकवण्यासाठी ते नुसते चित्र आहे. दुबळ्या जिवाचे ते संरक्षण आहे.

आता तो आपल्याच अंगावर का येतो? येथेच मोठा गैरसमज आहे. भिणाऱ्याला वाटते की पतंग हल्ला करतो. कवींनी सांगितले की तो ज्योतीवर प्रेम करतो. दोन्ही खरे नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवती उडणाऱ्या कीटकांचे चित्रण केले. त्यांना दिसले की हे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे ठेवतात. लक्षावधी वर्षे रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाशाची बाजू होती. पाठ तिकडे ठेवली की उडणे सरळ राहते. पण दिवा जवळ आणि बाजूला असला की पाठ दिव्याकडे वळते, अंग कलते, आणि जीव त्याच्याभोवती गरगरत राहतो. त्याला सुटता येत नाही. म्हणजे पतंग वाट चुकलेला असतो. ती मुलगी त्याच्या भीतीने पळते, आणि तो तर तिच्याकडे पाहतही नसतो. तो स्वतःच अडकलेला असतो.

हे दृश्य भगवंतांनीही पाहिले होते. उदान या पालि ग्रंथात प्रसंग आहे. श्रावस्तीच्या जेतवनात काळोख्या रात्री भगवान उघड्यावर बसले होते, तेलाचे दिवे जळत होते, आणि पतंग त्यांत पडून मरत होते. ते पाहून भगवंतांना माणसांची आठवण झाली. जे दिसले, जे ऐकले त्यालाच सत्य धरून सार सोडून धावणारी माणसे अशीच जळतात, असा त्या उद्गारांचा आशय आहे. त्या रात्री पतंग पाहून भगवंतांच्या मनात किळस आली नाही, भय आले नाही, बोध उपजला. तोच पतंग, पण पाहणारे मन निराळे.

सावधपणा निराळा, भय निराळे

सत्य सांगताना अर्धे सांगू नये. पतंगांच्या काही अळ्यांपासून खरोखर जपावे लागते. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि राज्याच्या इतर भागांत ऊस, गवत आणि बांधावरच्या झाडांवर दिसलेल्या 'घोणस अळी'ने शेतकऱ्यांत मोठी घबराट पसरली होती. ही अळी चावली की माणूस मरतो, अशा अफवा मोबाईलवरून गावोगाव फिरल्या. लोक शेतात जायला भिऊ लागले. खरे काय होते? ती एका पतंगाचीच अळी होती. तिच्या अंगावरचे काटे त्वचेत मोडले की त्यांतील द्रवाने तीव्र आग होते. ती चावत नाही आणि घोणस सापाशी तिचा काही संबंध नाही. नाव सापाचे पडले आणि भय सापाएवढे झाले! उपाय साधा होता: काटे लागले तर त्या जागी चिकटपट्टी लावून हलक्या हाताने ओढून काढावी, जागा धुवावी, बर्फ लावावा, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठावा. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून काम करावे.

त्याचप्रमाणे दिव्यावर येणारा प्रत्येक किडा पतंग नसतो. काही लहान भुंगेरे अंगावर चिरडले तर त्वचेवर फोड येतात. म्हणून अंगावर बसलेला किडा चिरडू नये, फुंकरीने किंवा कागदाने उडवावा. एखादा किडा क्वचित कानात गेला तर काडी घालू नये, डॉक्टरकडे जावे. एवढे ज्ञान म्हणजे सावधपणा. सावधपणा माणसाला काम करू देतो, भय काम थांबवते. दोहोंतील फरक मुलांना शिकवा.

आजीला काय सांगावे?

आजी म्हणते, पितराच्या दिवसांत पतंग घरात आला. आजीची निरीक्षणशक्ती खोटी नाही, निष्कर्ष चुकला आहे. पितृपक्ष येतो भाद्रपदाच्या वद्य पक्षात, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस. त्या वेळी रान हिरवे असते, अळ्यांना खायला भरपूर असते, म्हणून पतंगही भरपूर असतात. ज्या घरात कुणी वारलेले नाही त्याही घरात ते येतात. पतंग पंचांग पाहत नाहीत.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. बुद्धाच्या शिकवणीत एका देहातून दुसऱ्या देहात जाणाऱ्या आत्म्याला जागा नाही. तेव्हा आज्जा पतंग होऊन येत नाही. पण हे सांगताना आजीला वेडगळ म्हणू नका. तिला पतंगाशी काय करायचे आहे? तिला तिच्या माणसाची आठवण येते, आणि ती आठवण काढायला तिला निमित्त हवे आहे. ते निमित्त तुम्ही द्या. आज्जाच्या स्मृतिदिनी घरी वंदना घ्या, त्याच्या नावे विहारात पुस्तके द्या, गरजू मुलाला वह्या द्या. आजीला नातीजवळ बसवून आज्जाच्या गोष्टी सांगायला लावा. दुःखाला वाट मिळाली की त्याला पंखांची गरज उरत नाही.

आणि शेजारणीला नम्रपणे सांगा की उतारा टाकणार नाही. भयावर धंदा करणाऱ्याला भय बरे झालेले परवडत नाही. जादूटोण्याच्या नावाने होणाऱ्या अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदाही आहे.

भय वाढते कसे?

प्रतीत्यसमुत्पादाची कडी येथे स्वच्छ दिसते. डोळ्याला पतंग दिसला, हा स्पर्श. मनाला ते अप्रिय वाटले, ही वेदना. 'हे नको, आत्ताच्या आत्ता दूर व्हावे' ही तृष्णा. कारण हवे असणे ही जशी तृष्णा, तशी नको असणे हीही तृष्णाच. मग पळणे. पळताच बरे वाटते. आणि त्या बरे वाटण्यातच खोच आहे! मन शिकते की पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी ते लवकर पळते. म्हणूनच ती मुलगी आधी पतंगापासून पळाली, मग दिव्यापासून, मग संध्याकाळपासून. पळण्याने भयाची मुदत वाढते, भय फिटत नाही. सावकाराच्या कर्जासारखे ते व्याजाने वाढत जाते.

मग तोडावी कोठे? पळण्याच्या जागी. भगवंतांनी स्वतः ते करून दाखविले. मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात त्यांनी जाणुस्सोणि ब्राह्मणाला आपला अनुभव सांगितला आहे. बोधीपूर्वी ते अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री मुद्दाम भीतिदायक वनांत आणि चैत्यांत जाऊन राहत. रात्री एखादे जनावर येई, मोर काटकी पाडी, वारा पाचोळा हलवी, आणि भय उठे. तेव्हा त्यांनी विचार केला की, भयाची वाट पाहत मी का बसावे? चालताना भय आले तर ते चालतच राहिले, उभे असताना आले तर उभेच राहिले, बसलेले असताना आले तर बसूनच राहिले, ते भय ओसरेपर्यंत. त्यांनी मंत्र म्हटला नाही, गंडा बांधला नाही, आणि ते पळालेही नाहीत.

आधुनिक मानसशास्त्र अडीच हजार वर्षांनी याच वाटेवर आले. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने १९२४ साली एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशाला भीत असे. त्याला आवडते खाणे देऊन ससा पिंजऱ्यात दूर ठेवला गेला, आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला गेला. सशाला न भिणारी मुलेही त्याच्याबरोबर असत. शेवटी तो मूल सशाला हात लावू लागले. आजही फोबियावर याच पायरीपायरीच्या पद्धतीने उपचार होतात.

घरी करावयाचा अभ्यास

आता त्या मुलीच्या घराने काय करावे? पायऱ्या सांगतो. घाई करू नये. एक पायरी निर्भय झाली की मगच दुसरी चढावी.

पहिली पायरी: घरात सर्वांनी ठरवावे की कुणी हसणार नाही आणि कुणी पतंग अंगावर टाकणार नाही. जबरदस्तीने आणि अचानक अंगावर टाकल्याने भय जात नाही, विश्वास मात्र जातो. मुलीच्या संमतीशिवाय एकही पाऊल पुढे नको.

दुसरी पायरी: तिने वहीत पतंगाचे चित्र काढावे. पंख, सोंड, मिशा यांची नावे लिहावी. मग पुस्तकातील छायाचित्र पाहावे.

तिसरी पायरी: एक पतंग काचेच्या बरणीत, झाकणाला भोके पाडून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला थोडा वेळ ठेवावा. मुलीने आईजवळ बसून त्याच्याकडे पाहावे. छाती धडधडेल. तेव्हा 'भय उत्पन्न झाले आहे' एवढेच मनात जाणावे. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो पाहावा. भय लाटेसारखे चढते आणि न पळता बसले तर आपोआप उतरते. हे अनित्यतेचे ज्ञान पुस्तकातून येत नाही, बसून पाहिल्यानेच येते. उतरल्यावरच उठावे. मग बरणी दाराबाहेर अंधारात नेऊन पतंग सोडून द्यावा.

चौथी पायरी: रोज बरणी हातभर जवळ आणावी. तिला वाटेल तेव्हा बरणीला हात लावू द्यावा.

पाचवी पायरी: दिव्याखाली पाच मिनिटे, मग दहा मिनिटे, मग धडा संपेपर्यंत बसावे. भावाने तिच्याजवळ आपली वही घेऊन बसावे. चेष्टेची ही त्याने करावयाची भरपाई आहे.

सहावी पायरी सर्वांत मोठी. पतंग भिंतीवर बसला की त्याच्यावर पेला पालथा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि त्याला बाहेर नेऊन सोडावे. हे तिने स्वतःच्या हाताने करावे. ज्याला ती भीत होती त्यालाच ती वाचवते, त्या दिवशी भयाची जागा मैत्री घेते. मैत्रीभावना साप, विंचू, कोळी, पाल यांच्यासाठीही करावी असे खंधपरित्तात सांगितले आहे. मग या निरुपद्रवी जिवाने काय पाप केले?

कुणी विचारील, शेतकऱ्याने काय करावे? तूर-हरभऱ्यावरची घाटेअळी पतंगाच्याच अंड्यातून येते. कामगंध सापळे, प्रकाश सापळे लावावेच लागतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. पीक वाचविणे ही गरज होय. भिंतीवर बसलेल्या जिवाला भयापोटी झाडूने ठेचणे ही गरज नव्हे. शिवाय आईने झाडू उगारला की मूल शिकते ते हेच, की हा प्राणी भयंकर असला पाहिजे.

इतके करूनही भय हटत नसेल, झोप-जेवण-अभ्यास बिघडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात कमीपणा नाही. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तापाला डॉक्टर आणि भयाला देवऋषी, हा जुना हिशोब आता बंद करा.

बंधुभगिनींनो, धम्मदीक्षा एका दिवसात घेता येते. मनातले भय एका दिवसात जात नाही. त्याला रोज संध्याकाळी थोडे थोडे सामोरे जावे लागते. आज रात्री तुमच्या घरी दिवा लागेल. पतंग येईल. जे माणूस दारात उभे राहील त्याचा हात धरून त्याला आत आणा, शेजारी बसवा, वही उघडून द्या. त्या मुलीला तिच्या दिव्याखालची जागा परत मिळाली, तर तुमच्या घरात त्या रात्री धम्म बोलला गेला असे समजा.

जय भीम.